सैतानाला अरेतुरे करणारा

गेल्या वर्षी इंग्रजीच्या ट्यूटोरियलमध्ये एका उताऱ्याचे मराठीत भाषांतर करायचे होते. त्या उताऱ्यात एक ओल्ड निक होता. मी कोश उघडून निक हा शब्द पाहिला. खाच असा अर्थ मिळाला, पण म्हातारी खाच काही वाक्यात बसेना. निकोलस या नावाचे घरगुती रूप निक, एवढे कुठेतरी वाचलेले आठवत होते. तेव्हा मी धीर करून लिहून टाकले, की निक नावाचा एक वयोवृद्ध गृहस्थ रात्री-अपरात्री गावातून हिंडत असे. सरांनी वही तपासली आणि ते मोठ्याने हसले. त्या हसण्यात टोचणी मात्र नव्हती. तू ज्याला वयोवृद्ध गृहस्थ करून ठेवलेस, तो साक्षात सैतान आहे, असे त्यांनी मला सांगितले. आणि मग इंग्रजीत सैतानाला अशी कितीतरी लाडकी नावे आहेत, ती शोधून काढ, म्हणून ग्रंथालयात पिटाळले.

आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहिलेली मी पहिलीच. तेव्हा सर सांगतील ते करायचे, एवढेच मला ठाऊक. मी शोधायला बसले आणि सापडू लागले. ओल्ड निक, ओल्ड हॅरी, ओल्ड स्क्रॅच, डिकन्स, ड्यूस. यातला स्क्रॅच म्हणजे ओरखडा नव्हे. उत्तरेकडच्या जुन्या नॉर्स भाषेत भुताला, राक्षसाला जो शब्द होता त्याचे ते झिजलेले रूप. डिकन्स म्हटले की आपल्याला कादंबरीकार डिकन्स आठवतो. पण तो १८१२ साली जन्मला, आणि सैतानाला डिकन्स म्हणणारे पात्र शेक्सपिअरने त्याच्या दोनशे वर्षे आधीच रंगभूमीवर आणले होते. बिचाऱ्या कादंबरीकाराचा यात काही दोष नाही. ओल्ड हॅरीच्या नावाचे तर इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, डॉर्सेटमध्ये, समुद्रात उभे असलेले पांढरे खडक आहेत. निक कुठून आला याबद्दल मात्र विद्वानांचे एकमत नाही. फ्लॉरेन्सचा निकोलो मॅकियाव्हेली हा राजकारणी इतका बदनाम झाला, की त्याचेच नाव सैतानाला चिकटले, असे सतराव्या शतकात विनोदाने म्हणत. तो विनोदच होता, पण अजूनही काहीजण तो खरा मानतात.

आणि जवळजवळ प्रत्येक नावामागे ते म्हातारपण! सैतानाला म्हातारा का म्हणायचे, हे मला कोणी समजावून सांगावे लागले नाही. आमची आजी दिवेलागण झाल्यावर सापाला साप म्हणत नाही, लांबडं म्हणते. नाव घेतले की तो येतो, म्हणून नाव घ्यायचे नाही. पण त्याच्याबद्दल बोलल्यावाचून तर राहवत नाही. मग त्याला घरातलेच एखादे नाव द्यायचे. ज्याची भीती वाटते त्याला ओसरीवरच्या म्हाताऱ्यासारखे वागवायचे. इंग्लंड-स्कॉटलंडातल्या खेड्यांतल्या आज्याही हेच करीत होत्या, हे वाचून मला फार गंमत वाटली. स्कॉटलंडातले शेतकरी तर याच्याही पुढे गेलेले. शेताचा एक तुकडा ते नांगरायचेच नाहीत. तो गुडमनचा, म्हणजे भल्या माणसाचा. हा भला माणूस म्हणजे तोच! चर्चने सोळाव्या शतकाच्या शेवटी या चालीवर बंदी घालण्याचा खटाटोप केला, तरी ती पुढे कितीतरी दिवस टिकली.

या नावांच्या मागे जाता जाता मला तो माणूस भेटला, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला आहे. त्याने सैतानाला समोर बसवून, त्याची सगळी टोपणनावे त्याच्या तोंडावर घेऊन, त्याच्याशी अरेतुरेत बोलणारी एक लांबलचक कविता लिहिली. तो कुणी पंडित नव्हता. खंडाने जमीन कसणाऱ्या एका कुळाचा तो मुलगा. रॉबर्ट बर्न्स त्याचे नाव.

स्कॉटलंडच्या नैऋत्येला एअरशायर नावाचा परगणा आहे. तिथल्या अ‍ॅलोवे या खेड्यात २५ जानेवारी १७५९ रोजी तो जन्मला. घर मातीचे, वर गवताचे छप्पर. बापाने स्वतःच्या हाताने बांधलेले. मूल काही दिवसांचे असतानाच एक वादळ आले आणि घराची एक भिंत ढासळली. बाळ-बाळंतिणीला शेजाऱ्याकडे हलवावे लागले. बाप विल्यम हा दूर ईशान्येकडून पोटासाठी आलेला माळी. आई अ‍ॅग्नेस हिला वाचता येई, लिहिता येत नसे. पण जुनी गाणी तिला पुष्कळ पाठ होती. आणि घरात बेटी डेव्हिडसन नावाची एक नात्यातली म्हातारी होती. भुते, हडळी, चेटकिणी, पाण्यात ओढून नेणारे घोडे, दलदलीवरून नाचणारे दिवे यांच्या गोष्टींचा एवढा साठा त्या मुलखात दुसऱ्या कुणाजवळ नव्हता, असे रॉबर्टने पुढे एका पत्रात लिहिले आहे. मोठा झाल्यावरही रात्री एकट्याने जाताना काही ठरावीक जागा आल्या, की आपली नजर आपोआप इकडे-तिकडे फिरते, हेही त्याने तिथेच कबूल केले आहे.

या गोष्टी म्हणजे तेव्हा नुसती करमणूक नव्हती, हे लक्षात ठेवले पाहिजे. चेटकीण ठरवून एका बाईला जाळण्याचा स्कॉटलंडातला शेवटचा प्रकार १७२७ साली डॉर्नक येथे झाला. चेटकाविरुद्धचा कायदा रद्द झाला १७३६ साली. म्हणजे रॉबर्ट जन्मला तेव्हा त्या गोष्टीला पुरती पंचवीस वर्षेही झालेली नव्हती. चर्चचा धाक कडक. कुणाला स्वर्ग नि कुणाला नरक हे देवाने आधीच ठरवून ठेवले आहे, अशी शिकवण. सैतान हा त्या लोकांच्या रोजच्या धास्तीचा विषय होता.

बापाला शिक्षणाची मोठी ओढ. त्याने चार शेजाऱ्यांना बरोबर घेऊन १७६५ साली जॉन मरडॉक नावाचा एक अठरा वर्षांचा मास्तर ठेवला. मास्तर आळीपाळीने या कुटुंबांत जेवायचा. पुढे मास्तर गेला, तेव्हा दिवसभर राबून आलेला बाप रात्री मेणबत्तीच्या उजेडात मुलांना स्वतः शिकवू लागला. हे वाचताना मी पुस्तक मिटले होते. माझ्या वडिलांना सहीपुरतेच येते. तरी दहावीच्या वर्षी मी अभ्यास करीत असले, की ते समोर नुसते बसून राहात. म्हणजे मला झोप येऊ नये. असो. हा लेख माझ्याबद्दल नाही.

१७६६ मध्ये विल्यमने माउंट ऑलिफंट नावाची सत्तर एकर जमीन खंडाने घेतली. जमीन निकृष्ट, खंड मात्र भारी. गडी ठेवण्याची ऐपत नाही. पंधराव्या वर्षी रॉबर्ट हाच घरातला मुख्य गडी होता. नांगर धरायचा, मळणी करायची. पाठीला पोक आले ते तेव्हाच, आणि ज्या हृदयाच्या दुखण्याने तो पुढे गेला त्याची सुरुवातही याच राबण्यात असावी, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. मूळ मालक वारल्यावर कारभार एका कारकुनाच्या हाती गेला. त्याची खंडाच्या तगाद्याची उर्मट पत्रे आली, की सारे घर रडायला बसे. तो कारकून रॉबर्ट आयुष्यभर विसरला नाही. दोन कुत्र्यांच्या संवादाच्या एका कवितेत त्याने त्याला चांगलाच उभा केला आहे.

१७७७ साली कुटुंब लॉकली येथे एकशेतीस एकरांवर गेले. तिथे मालकाशी वाद झाला आणि प्रकरण एडिंबरोच्या वरच्या कोर्टापर्यंत पोचले. मध्यंतरी रॉबर्ट आयर्विन या बंदराच्या गावी जवसाच्या काड्यांचे धागे विंचरायचा धंदा शिकायला गेला, तर १७८२ च्या नववर्षाच्या दिवशी दुकानालाच आग लागली. १७८४ च्या जानेवारीत कोर्टाचा निकाल बापाच्या बाजूने लागला. पण खटल्याने घर धुऊन नेले होते. फेब्रुवारीच्या १३ तारखेला बाप क्षयाने गेला. दावा जिंकला, माणूस हरला. आमच्याकडे बांधाच्या दाव्यांत हे इतक्या वेळा पाहिले आहे, की मला त्यात नवल वाटले नाही. बापाला अ‍ॅलोवेच्या जुन्या, ओस पडलेल्या चर्चच्या आवारात पुरले. ती जागा वाचकांनी लक्षात ठेवावी.

रॉबर्ट आणि त्याचा धाकटा भाऊ गिल्बर्ट यांनी मग मॉस्गील येथे शेती धरली. इथे रॉबर्टच्या आयुष्यातली सगळी वादळे एकदम उठली. १७८५ साली एलिझाबेथ पेटन या घरकाम करणाऱ्या मुलीपासून त्याला मुलगी झाली. लग्न झाले नाही. चर्चच्या पंचांनी त्याला भर सभेत उभे करून खडसावले. पुढे गवंड्याची मुलगी जीन आर्मर हिच्याशी त्याचे जमले. तिला त्याने लग्नाचा कागद लिहून दिला, पण तिच्या बापाला हा कंगाल जावई नको होता. त्याने कागद बाद करून घेतला आणि उलट रॉबर्टवरच कायद्याचा बडगा उगारला. १७८६ च्या उन्हाळ्यात रॉबर्ट पुन्हा चर्चमध्ये तीन रविवार उभा राहिला. त्याच सप्टेंबरात जीनला जुळे झाले.

याच धामधुमीत, १७८५-८६ च्या हिवाळ्यात, त्याने सैतानाला उद्देशून ती कविता लिहिली. दिवसभर शेतात काम, आणि रात्री माळ्यावरच्या खोलीत लिहिणे. मिल्टनने आपल्या महाकाव्यात सैतानाला राजपुत्राच्या थाटात उभे केले आहे. बर्न्सने मिल्टनचीच ओळ कवितेच्या माथ्यावर ठेवली, आणि खाली मात्र त्या राजपुत्राचे कपडे उतरवून टाकले. तो त्याला हॉर्नी म्हणतो, म्हणजे शिंगाडा. क्लूटी म्हणतो, क्लूट म्हणजे गाईच्या दुभंगलेल्या खुराचा एक भाग, तेव्हा खुऱ्या म्हणा. निक म्हणतो. पुन्हा वर ऑल्ड, म्हणजे म्हातारा, आहेच. मग तो त्याला त्याचे सगळे उद्योग आठवून देतो. आजीने सांगितलेल्या गोष्टी एकामागून एक येतात. पडक्या वाड्यात हा हिंडतो, संध्याकाळी कुंपणापलीकडून घुमतो, चेटकिणी त्याच्या जोरावर ताकातले लोणी पळवतात नि बाई घुसळून घुसळून थकते. एका रात्री तळ्याकाठी आपल्याला तो स्वतःच दिसला, अंगावर काटा आला, आणि तेवढ्यात तो बदकासारखा आवाज करीत पंख फडफडवत उडून गेला, असे कवी सांगतो. म्हणजे तो सैतान होता का खरेच बदक होते, हे वाचणाऱ्याने ठरवावे!

मला सर्वांत आवडला तो कवितेचा शेवट. इतकी थट्टा केल्यावर कवीला सैतानाची दया येते. तूही विचार कर, सुधारून पाहा, कुणी सांगावे, तुझेही काही बरे होईल. त्या नरकाची कल्पना मला तुझ्यासाठीसुद्धा बरी वाटत नाही, अशा अर्थाचे तो बोलतो. ज्या चर्चने तुमची जागा आधीच ठरली आहे असे सांगून लोकांना घाबरवले, त्या चर्चच्या आवाक्यात राहून, स्वतः पापी म्हणून उभे राहण्याची वेळ आलेल्या माणसाने हे लिहिले आहे. सैतानाला जर सुधारायची संधी असेल, तर एअरशायरच्या एका कुळालाही असेलच की. असे त्याने कुठे म्हटलेले नाही, पण मला वाचताना तसे वाटले. आमच्या वर्गातल्या एकीचे म्हणणे निराळे पडले. तिच्या मते ती नुसती थट्टा आहे. तिने मूळ कविता माझ्यापेक्षा बारकाईने वाचली आहे, हेही मला सांगितले पाहिजे.

आता जी गोष्ट लिहायची ती लिहायला मला जड जाते. त्या १७८६ साली, जीनचा बाप पाठीस लागलेला, खिशात पैसा नाही, अशा स्थितीत रॉबर्टने देश सोडायचे ठरवले. नोकरी धरली ती वेस्ट इंडीजमधल्या जमैका बेटावर, मळ्याच्या हिशेबनिसाची. आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम त्या मळ्यांवर चाबकाखाली राबत. नांगराच्या फाळाने उंदराचे घरटे मोडले म्हणून त्या उंदरावर कविता करणारा हा माणूस, आणि तो तिथे त्या माणसांचा हिशेब ठेवायला निघाला होता. गरज होती, हे खरे. सगळेच जात होते, हेही खरे. तरी मला ते पटत नाही, आणि तो माझा आवडता कवी आहे म्हणून मी ते झाकूनही ठेवणार नाही.

तो गेला नाही, कारण पुस्तक आले. ३१ जुलै १७८६ रोजी किल्मारनॉक गावच्या जॉन विल्सन या मुद्रकाने त्याच्या कविता छापल्या. प्रती ६१२, किंमत तीन शिलिंग. त्यात सैतानाची कविता होती, उंदराची होती, कुत्र्यांची होती. महिनाभरात जवळजवळ सगळ्या प्रती संपल्या. शेतगड्यांनी आणि मोलकरणींनी कपड्यांसाठी साठवलेले पैसे त्या पुस्तकावर घातले, असे त्या काळच्या एकाने नोंदवून ठेवले आहे. पुस्तकाच्या नावातच होते, की या कविता मुख्यतः स्कॉटिश बोलीत आहेत.

या बोलीबद्दल थोडे थांबून लिहिते. पहिल्या वर्षाला असताना मी एकदा वर्गात उभी राहून निबंध वाचला, आणि होतं म्हणायच्या जागी दोनदा व्हतं म्हटले. वर्गात हशा पिकला. त्या दिवसापासून मी वर्गात कमी बोलू लागले, आणि बोलताना आधी प्रत्येक शब्द मनात उलटून पाहू लागले. घरी गेल्यावर मात्र पुस्तकी बोलले, की आजी विचारते, तुला ताप आहे का. अशी माझी दोन्हीकडून पंचाईत. बर्न्सच्या काळी एडिंबरोचे सुशिक्षित लोक आपल्या बोलण्यातले स्कॉटिश शब्द वेचून काढून टाकण्याच्या मागे लागले होते. त्यांना लंडनसारखे बोलायचे होते. स्कॉटिश शब्द टाळावेत म्हणून त्यांच्या याद्या छापल्या जात. आणि अशा वेळी हा गडी त्याच शब्दांत छापील पुस्तक घेऊन त्यांच्यापुढे येतो! त्याला इंग्रजी येत नव्हते असे मुळीच नाही. त्याने पोप वाचला होता, शेक्सपिअर वाचला होता, थोडे फ्रेंचही शिकला होता. पण त्याच्याआधी रॉबर्ट फर्ग्युसन नावाचा एक तरुण स्कॉटिश बोलीत लिहून १७७४ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, वाऱ्यावर गेला होता. त्याच्या कविता वाचून बर्न्सला आपली भाषा सापडली. एडिंबरोत पोचल्यावर फर्ग्युसनच्या थडग्यावर दगडसुद्धा नाही हे त्याने पाहिले, आणि स्वतःच्या खर्चाने तिथे शिळा बसवण्याची व्यवस्था केली. मला वाटते, सैतानाची कविता शुद्ध इंग्रजीत होणेच शक्य नव्हते. पुस्तकी भाषेत सैतान म्हणजे सैतान. त्याला शिंगाड्या, खुऱ्या म्हणायचे तर ते आजीच्याच भाषेत.

१७८६ च्या नोव्हेंबरात तो एडिंबरोला आला. राजधानीने त्याला डोक्यावर घेतले. हेन्री मॅकेन्झी या लेखकाने, हा देवाने शिकवलेला नांगऱ्या आहे, अशा अर्थाची प्रशंसा केली. ऐकायला हे छान. पण मरडॉक मास्तर, मेणबत्तीशी बसलेला बाप, मागून आणलेली पुस्तके या सगळ्यांचे श्रेय एका फटक्यात देवाच्या खात्यावर गेले! खेड्यातल्या मुलाने अभ्यास केला असे म्हणण्यापेक्षा चमत्कार झाला असे म्हणणे शहराला सोपे जात असावे. डॉ. जॉन मूर या परिचिताने त्याला स्कॉटिश सोडून इंग्रजीत लिहिण्याचा सल्ला दिला. बर्न्सने काही इंग्रजी कविता लिहिल्याही; त्या आज फारसे कोणी वाचत नाही. त्याच दिवसांत पंधरा-सोळा वर्षांच्या वॉल्टर स्कॉटने त्याला एका घरी पाहिले, आणि त्याचे तेजस्वी काळे डोळे तो म्हातारपणापर्यंत विसरला नाही. १७८७ मध्ये दुसरी आवृत्ती निघाली. पुस्तकाचे हक्क बर्न्सने शंभर गिनींना विकून टाकले. व्यवहार त्याला कधीच जमला नाही.

१७८८ मध्ये त्याने जीनशी रीतसर लग्न जाहीर केले आणि डम्फ्रीझजवळ नीथ नदीकाठी एलिसलंड येथे शेती घेतली. पुन्हा जमीन वाईट निघाली. म्हणून १७८९ पासून त्याने सरकारी जकात खात्यात नोकरी धरली. वर्षाला पन्नास पौंड. दारू, चहा, तंबाखू यांच्यावरचा कर वसूल करायचा, चोरटा माल पकडायचा. आठवड्याला दोनशे मैल घोड्यावर. खंडाच्या तगाद्याने रडलेल्या घरातला मुलगा आता स्वतः वसुलीला निघाला.

याच काळात त्याला फ्रान्सिस ग्रोझ भेटला. हा इंग्रज कॅप्टन अंगाने अवाढव्य, स्वभावाने खुशालचेंडू. जुन्या वास्तूंची चित्रे काढीत गावोगाव हिंडणे हा त्याचा छंद. पण माझ्या दृष्टीने त्याची खरी ओळख निराळी आहे. १७८५ साली त्याने इंग्रजीतल्या गावठी, बाजारी शब्दांचा एक कोश छापला होता. आणि मी ग्रंथालयात शोधत होते ते ओल्ड निक, ओल्ड हॅरी त्यात मांडून ठेवलेले आहेत! सैतानाची नावे गोळा करणारा आणि सैतानाला त्या नावांनी हाका मारणारा, असे हे दोघे १७८९ मध्ये एकत्र आले आणि त्यांची गट्टी जमली. बर्न्सने त्याला विनंती केली, की तुमच्या पुस्तकात अ‍ॅलोवेच्या पडक्या चर्चचे चित्र घ्या. माझे वडील तिथे आहेत. ग्रोझ म्हणाला, घेतो, पण तिथल्या चेटकिणींची एखादी गोष्ट तू लिहून दे.

त्या गोष्टीतून टॅम ओ' शँटर ही कविता जन्मली. १७९० मध्ये लिहिली, १७९१ मध्ये ग्रोझच्या ग्रंथात छापली गेली. बाजारच्या दिवशी दारू पिऊन उशिरा घरी निघालेला टॅम, बाहेर वादळ, घरी कपाळाला आठ्या घालून बसलेली बायको. वाटेत पडके चर्च उजेडाने भरलेले दिसते. आत चेटकिणी नाचताहेत, आणि खिडकीच्या कट्ट्यावर काळ्या झिपऱ्या कुत्र्याच्या रूपात बसून सैतान पुंगीचे वाद्य वाजवतो आहे, कुणाच्या बारशाला बोलावल्यासारखा. एका तरण्या चेटकिणीचा नाच पाहून टॅमला राहवत नाही, तो मोठ्याने दाद देतो. झाले! दिवे विझतात आणि सगळ्या त्याच्या मागे लागतात. वाहते पाणी त्यांना ओलांडता येत नाही, म्हणून टॅम डून नदीच्या पुलाकडे घोडी पिटाळतो. पुलाच्या मध्यावर चेटकीण घोडीचे शेपूट धरते. घोडी धन्याला वाचवते. शेपूट मात्र तिथेच राहते.

बापाची समाधी जिथे, तिथेच मुलाने सैतानाला वाजवायला बसवले. देवभोळ्या विल्यमला हे रुचले असते का, ते सांगता येत नाही. पण त्या चर्चचे चित्र छापले गेले आणि ती जागा जगाला माहीत झाली. ग्रोझ त्याच वर्षी, १७९१ मध्ये, डब्लिनला वारला.

शेती सोडून बर्न्स डम्फ्रीझ गावात राहायला आला. १७९२ मध्ये त्याने आणखी एक सैतानाचे गाणे केले. गावात सैतान येतो, सारंगी वाजवीत जकातवाल्याला नाचवत उचलून घेऊन जातो, आणि सारे गाव आनंदाने दारू गाळायला बसते. लिहिणारा स्वतः जकातवाला! आपल्या हुद्द्याची अशी थट्टा करायला छाती लागते. उरलेला वेळ त्याने जुनी गाणी गोळा करण्यात आणि नव्याने बांधण्यात घालवला. बायाबापड्यांच्या तोंडच्या ओळी घ्यायच्या, तुटलेल्या जोडायच्या, आणि पैसे घ्यायचे नाहीत. नववर्षाच्या रात्री जगभर जे गाणे म्हणतात ते त्यातलेच एक.

जीनबद्दल बोलल्यावाचून मला पुढे जाता येत नाही. तिच्या पोटी नऊ मुले झाली, त्यातली बरीच लहानपणीच गेली. १७९१ मध्ये तिचा नवरा आणि डम्फ्रीझच्या खानावळीतली अ‍ॅना पार्क यांना मुलगी झाली, आणि त्यानंतर नऊ दिवसांनी जीनला मुलगा. ती दुसरीची मुलगीही जीनने आपल्या मुलाबरोबर वाढवली. चरित्रकार तिला उदार म्हणून मोकळे होतात. ती काय म्हणाली असेल, हे कवितेत कुठे येत नाही.

१७९६ मध्ये त्याचे दुखणे बळावले. डॉक्टरांनी सॉलवे खाडीच्या थंड पाण्यात छातीपर्यंत उभे राहायला सांगितले. तो उभा राहिला. शिंप्या-कापडवाल्याचे बिल थकलेले, तुरुंगाची भीती. म्हणून त्याने चुलतभावाला दहा पौंडांसाठी आणि गाण्यांच्या प्रकाशकाला पाच पौंडांसाठी पत्रे लिहिली. दोघांनीही पाठवले. २१ जुलै रोजी तो गेला. वय ३७. २५ तारखेला लष्करी इतमामाने अंत्ययात्रा निघाली, आणि त्याच दिवशी घरात जीन बाळंत होऊन मुलगा झाला. त्यानंतर ती आणखी अडतीस वर्षे जगली.

अ‍ॅलोवेचे मातीचे घर अजून आहे. छप्पर नसलेले ते चर्चही उभे आहे, पुलही आहे.

दिवाळीच्या सुटीत मी आजीला टॅमची गोष्ट सांगितली. दिवेलागण झाली होती, म्हणून मी त्याला नुसते म्हातारा म्हटले, आणि तिला ते लगेच कळले. सगळे नीट ऐकून घेतल्यावर तिने एवढेच विचारले, की ती घोडी पुढे व्याली का, आणि तिच्या शिंगराला शेपूट व्हतं का.